अकरा आणि अकरा चाळीस

बावीस वर्षं मी या शालेय मुलामुलींच्या क्रीडामहोत्सवाचं वेळापत्रक केलं आणि बावीस वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नाही. ही फुशारकी नाही. म्हणजे थोडी आहे, पण हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. तेविसाव्या वर्षी मी एक चूक केली आणि ती मुद्दाम केली.

काम काय असतं ते सांगते, कारण लोकांना वाटतं त्यात काय, नावं लिहायची आणि वेळा टाकायच्या. चौसष्ट संघ, सहा मैदानं, दोन दिवस. फुटबॉलचा एक सामना म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन भाग, मध्ये पाच मिनिटं पाणी प्यायला, शेवटी पाच मिनिटं मैदान रिकामं करायला. असं चाळीस मिनिटांचं एक घर होतं. लांबून येणाऱ्या संघाला सकाळी नऊचं घर द्यायचं नाही. एका पंचाला सलग तीन सामने द्यायचे नाहीत, तिसऱ्याला तो कुणालाही बाहेर काढतो. एकच प्रशिक्षक दोन संघांचा असेल तर तो एका वेळी दोन मैदानांवर उभा राहू शकत नाही, हे त्याच्या लक्षात नसलं तरी माझ्या लक्षात हवं. आणि सगळ्यात वरचा नियम, पहिल्या वर्षी मीच लिहिलेला: एका संघाच्या दोन सामन्यांमध्ये कमीत कमी दोन घरं रिकामी हवीत. वाढत्या वयाची पोरं आहेत, त्यांना धाप लागते, पाय भरून येतात.

हे सगळं मी घरी, जेवणाच्या टेबलावर करते. मोठा पुठ्ठा, त्यावर आखलेली घरं आणि प्रत्येक संघाची रंगीत कागदाची चिठ्ठी, टाचणीने टोचलेली. आमच्या अध्यक्षांनी मला दोनदा कॉम्प्युटरवर करून बघा म्हणून सांगितलं. मी दोनदा बरं म्हटलं. सहा आठवडे तो पुठ्ठा टेबलावर पसरलेला असतो आणि मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून जेवते. टेबल सहा जणांचं आहे, बसणारी मी एकटी, त्यामुळे कुणाची गैरसोय होत नाही. नवरा गेला त्याला बारा वर्षं झाली. आधी मी शाळेत गणित शिकवायचे, तिथलं वेळापत्रकही माझ्याच गळ्यात होतं. निवृत्त झाल्यावर हा महोत्सव तेवढा उरला. मैदानावर मला सगळे घड्याळबाई म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, पण मला बहिरेपण आलेलं नाही.

आता माझ्या मुलाबद्दल.

तो इथून सहा तासांवरच्या एका गावात फुटबॉल शिकवतो. दर वर्षी संघ घेऊन महोत्सवाला येतो. नऊ वर्षांपूर्वी तो पहिल्यांदा आला, तेव्हा त्याच्याकडे बारा वर्षांखालची मुलं होती. वाटेत त्यांची बस बंद पडली. दहा मिनिटांपर्यंत उशीर चालतो, त्यानंतर सामना समोरच्या संघाला बहाल, असा नियम आहे. ते बारा मिनिटांनी पोचले. तो धावत जिना चढून माझ्या टेबलाशी आला. घामाने निथळत होता. म्हणाला, "आई, दोन मिनिटं गं फक्त."

माझ्यामागे दोन प्रशिक्षक उभे होते, अध्यक्ष होते. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी म्हटलं, "इथे आई म्हणू नकोस." आणि सामना बहाल केल्याच्या कागदावर सही केली.

नियमाने मी बरोबर होते. आजही बरोबर आहे. पण तो त्या दिवशी जो जिना उतरला, तो पुन्हा वर आला नाही. त्या टेबलाशीही नाही आणि माझ्या घरीही नाही. भांडण म्हणावं असं काही झालं नाही. वाढदिवसाला निरोप येतो: 'तब्येत सांभाळ'. मी उत्तर पाठवते: 'तूही'. वर्षभराचा आमचा व्यवहार एवढाच. नाही म्हणायला अजून एक कागद असतो. संघाच्या प्रवेशअर्जात शेवटी एक रकाना आहे, 'वेळेबाबत विशेष मागणी'. बाकीचे प्रशिक्षक त्यात कादंबऱ्या लिहितात. आमच्या गोलकीपरला सकाळचं ऊन सोसत नाही, आमच्या तीन मुली एकाच शिकवणीला जातात, असलं काय काय. माझा मुलगा त्यात 'नाही' एवढंच लिहितो. नऊ वर्षं मी तो अर्ज सगळ्यात आधी उघडत आले आणि नऊ वर्षं त्यात तोच 'नाही' वाचला. मला वाटायचं, हा म्हणतोय, तुझ्याकडे मला काही मागायचंच नाही.

या वर्षी चौदा वर्षांखालच्या मुलींचे बारा संघ होते, तीन-तीनचे चार गट, प्रत्येक गटातला पहिला उपांत्य फेरीत. पुठ्ठ्यावर मी त्याच्या संघाची पिवळी चिठ्ठी चार नंबर मैदानावर शनिवारी अकराच्या घरात टोचली. दुसरी एक चाळीसच्या घरात टोचायची होती. ती हातात घेऊन मी बराच वेळ बसले. मग अकरा चाळीसच्या घरात टोचली, पहिलीला चिकटून.

कशासाठी, तर आमच्याकडे हरकत घेण्याची एक पद्धत आहे. तीही मीच पाडलेली. वेळापत्रक शुक्रवारी दुपारी दोनला फलकावर लागतं, कारण तोवर कुणी ना कुणी संघ गळत असतो. हरकत असेल तर प्रशिक्षकाने स्वतः पाचच्या आत माझ्या टेबलाशी यायचं, तोंडाने सांगायचं आणि वहीत सही करायची. पत्र चालत नाही, फोन चालत नाही, दुसऱ्या कुणाला पाठवलेलं चालत नाही. अकरा आणि अकरा चाळीस, सलग दोन सामने, तेही चौदा वर्षांखालच्या पोरींना. आंधळ्यालाही दिसेल अशी चूक. त्याला यावंच लागणार होतं. तो येणार, म्हणणार की हे असं कसं, मी म्हणणार की अरे हो की, माझं चुकलंच. चिठ्ठी उचलून एक चाळीसला टोचणार, तेव्हा मैदान आणि पंच मोकळे आहेत हेही मी बघून ठेवलं होतं. सगळं मिळून चार मिनिटांचं काम. पण ती चार मिनिटं तो माझ्यासमोर असणार होता. आणि माझं चुकलं हे शब्द मला त्याच्यासमोर बोलायला मिळणार होते, मग ते चिठ्ठीबद्दल का असेनात.

शुक्रवारी मी टेबलासमोर एक खुर्ची ठेवली. एरवी ठेवत नाही. हरकतवाल्याला बसायला मिळालं की तो उठत नाही, हा बावीस वर्षांचा अनुभव. खोली पहिल्या मजल्यावर, खिडकीतून खाली फाटक आणि फलक दिसतो, पलीकडे तीन मैदानं. चार नंबर कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे आहे, ते दिसत नाही.

खुर्ची ठेवल्याचा परिणाम लगेच दिसला. एक प्रशिक्षक आला, ऐसपैस बसला आणि हरकत सोडून आपल्या गुडघ्याच्या दुखण्याचा पाढा वाचू लागला. दुसऱ्याला दोन नंबर मैदान नको होतं, कारण तिथे ते गेल्या वर्षी हरले होते. मी त्याला विचारलं की मग तुमच्यासाठी जिंकण्याचं मैदान कुठून आणू. आमचे मैदानप्रमुख मध्येच डोकावून गेले. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, कारण हातात वॉकीटॉकी असूनही ते ओरडूनच बोलतात. आज खुर्ची कशी काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, वयोमानाने लोकांचे पाय दुखतात. माझे की त्यांचे, ते त्यांनी विचारलं नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी पिवळी बस फाटकातून आत आली. तो उतरला. नऊ वर्षांत मी त्याला असाच बघत आलेय, वरून. टाळूवरचे केस विरळ झालेत हे मला त्याच्या आधी कळलं असेल. मुली पिशव्या उतरवत होत्या आणि तो फलकाकडे आला. बोट लावून वाचू लागला, लहानपणी वाचायचा तसा. बोट खाली आलं आणि थांबलं. थांबलेलंच राहिलं. मी खुर्ची जरा नीट केली. केसांवरून हात फिरवला. त्याने मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि मी पटकन मागे सरकले, शाळकरी मुलीसारखी.

पुन्हा पाहिलं तेव्हा तो मुलींना घेऊन राहायच्या इमारतीकडे चालला होता.

सामान ठेवून येईल, मी म्हटलं. साडेचार झाले. जिन्यावर पावलं वाजली की माझा जीव तिकडे जायचा, आणि दर वेळी दुसराच कुणीतरी असायचा. पाच वाजले. नियमाप्रमाणे मी वहीखाली रेघ मारली.

आता इथे मला खरं बोललं पाहिजे. तेव्हाही ती चूक मला दुरुस्त करता आली असती. माझी चिठ्ठी, माझी टाचणी, फलकाला एक सुधारणा चिकटवली की झालं. पण मी दुरुस्त केलं तर त्याला येण्याचं कारणच संपलं असतं. मी स्वतःला सांगितलं की तो सकाळी येईल, मुदतीनंतर येईल, भांडेल. या वेळी मी मुदत मोडेन, असंही मनात ठरवलं. मुलींच्या पायांचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी तो बाजूला ठेवला. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या पायांची काळजी केली, एक दिवस माझ्या पोराची करते, असं काहीतरी मी मनाशी म्हटलं. माणूस स्वतःला काय वाट्टेल ते पटवू शकतो.

शनिवारी सकाळी तो आला नाही. नऊ वाजले, दहा वाजले. मी निकालाचे कागद घेत होते, शिक्के मारत होते आणि कान जिन्याकडे लावून होते. अकराला चार नंबरवर शिट्टी वाजली असणार. अकरा छत्तीसला निकाल आला, त्याच्या मुली दोन-शून्यने जिंकल्या. मला एकदम हायसं वाटलं. बघा, म्हटलं, पोरी दमदार आहेत, काही होत नाही.

बारा वाजून सहा मिनिटांनी टेबलावरची वॉकीटॉकी गरजली. भोंगा चार नंबरवर प्रथमोपचार मागत होते. आठ नंबरच्या मुलीचा पाय धरलाय, उठता येत नाहीये, बदली खेळाडू संपल्या, दोघी आधीच बाहेर बसल्यात, असं ते ओरडून सांगत होते. मग म्हणाले, "बाई, ह्यांना सलग सामने कुणी दिले हो?"

मी उठले. टेबल सोडलं. महोत्सव चालू असताना टेबल सोडण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. शिक्का तसाच उघडा पडला होता.

मी पोचले तेव्हा सामना संपला होता. तीन-शून्यने हरल्या होत्या. तिन्ही गोल शेवटच्या दहा मिनिटांत. समोरचा संघ सकाळपासून एकही सामना न खेळलेला, ताजातवाना. आता उपांत्य फेरी गेली होती, उद्या खालच्या नंबरांसाठी खेळायचं. मुली गवतावर पसरल्या होत्या. कुणी रडत नव्हतं, रडायलाही दम लागतो. आठ नंबर कडेच्या बाकावर बसली होती, पोटरीवर बर्फाची पिशवी. तो थोड्या अंतरावर पंचांशी बोलत होता, पाठमोरा.

मी त्या मुलीशेजारी बसले. खूप दुखतंय का विचारलं. ती म्हणाली आता कमी आहे. मी कोण ते तिला माहीत नव्हतं. तिला वाटलं असेल, कुणाची तरी आजी आहे. मी म्हटलं, लागोपाठ दोन सामने म्हणजे फारच झालं. तुमच्या सरांनी तक्रार नाही केली?

"आम्ही म्हटलं त्यांना," ती म्हणाली. "काल फलकावर बघितलं तेव्हाच म्हटलं. सर म्हणाले, हे ज्या बाईंनी केलंय ना, त्यांचं कधी चुकत नाही. असं दिलंय म्हणजे काहीतरी अडचण असणार, कुठेच जागा नसणार. आपण जाऊन त्यांना अजून त्रास द्यायचा नाही."

मी ऐकलं. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून तिने पुन्हा सांगितलं.

नऊ वर्षं तो जे 'नाही' लिहीत होता, ते हे होतं. राग नव्हता. निदान नुसता राग नव्हता. तू करशील ते बरोबरच असेल, मला काही सांगायची गरज नाही, असं ते होतं. आणि हे मला कळेपर्यंत मी ते मातीत घालून बसले होते. मला तिथेच ओरडून रडावंसं वाटलं. पण बाकावर एक पोर पाय धरून बसलेली असताना आपण रडायचं नसतं, एवढी अक्कल मला होती.

तो वळला. मला बघून थबकला. मग जवळ आला. जवळून बघितल्यावर तो बापासारखा दिसतो.

"वर टेबलावर कोण आहे मग?" त्याने विचारलं.

"कुणी नाही." मी उभी राहिले. "तुला काल दिसलं होतं ना?"

"दिसलं."

"मग आला का नाहीस?"

तो खांदे उडवणार होता, पण उडवले नाहीत. "वाटलं, तू केलंयस म्हणजे कारण असेल."

"कारण होतं."

"काय?"

"तू वर यावंस म्हणून केलं."

त्याला ते समजायला वेळ लागला. मला समजत होतं त्याला कुठे कुठे वेळ लागतोय. फलक, बोट, अकरा, अकरा चाळीस. मग त्याने आठ नंबरकडे पाहिलं, मग गवतावरच्या मुलींकडे, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला नऊ वर्षांपूर्वीचा तो घामाने निथळलेला चेहराही बरा वाटला.

"मुद्दाम?" तो म्हणाला.

"मुद्दाम."

"फोन नव्हता का तुझ्याकडे?"

"तुझ्याकडे होता की," मी म्हटलं. नको होतं म्हणायला, पण माझी जीभ अशीच आहे.

"होता. मीही करायला हवा होता. ते माझं चुकलं, कबूल." तो हळू बोलत होता, मुलींना ऐकू जाऊ नये म्हणून. "पण आई, तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून मी ह्या पोरींना दमवलं नसतं."

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मला कुणीतरी इतकं सरळ सांगितलं आणि ते माझ्याच मुलाने सांगितलं. कुठल्याही दुसऱ्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला असता. त्या दिवशीही वाटला, पण तो मला दाखवता येण्यासारखा नव्हता.

मी म्हटलं, त्यांना मी सांगते. तो नको म्हणाला नाही. त्याने मुलींना गोळा केलं. बारा-तेरा जणी, गुडघ्यांना गवत चिकटलेल्या, माझ्यासमोर बसल्या. शाळेत मी हजारदा वर्गासमोर उभी राहिलेय, पण हात कुठे ठेवायचे हे मला तेव्हा सुचेना. मी सांगितलं की वेळापत्रक मी करते. तुम्हाला सलग सामने देणं ही चूक होती. सरांची नाही, तुमची तर नाहीच. ती माझी, आणि ती मी जाणूनबुजून केली.

"का?" आठ नंबरने विचारलं.

"मला तुमच्या सरांशी बोलायचं होतं."

"मग बोलायचं ना," ती म्हणाली.

उद्धटपणे नाही म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. मागून एकीने विचारलं की मग आता तो सामना पुन्हा खेळवणार का. मी म्हटलं, नाही. खेळलेल्या सामन्याचा निकाल बदलत नाही. हा नियमही मीच लिहिला होता, पण ते त्यांना सांगितलं नाही. मी क्षमा मागितली. एक-दोघींनी मान हलवली. बाकीच्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या, आणि त्यांचं बरोबर होतं.

वर जाऊन मी अध्यक्षांना सगळं सांगितलं. ते घाबरले. सगळ्यात आधी त्यांनी दार लावून घेतलं. कुणाला कळलंय, नजरचूक म्हणून सोडून द्या, बावीस वर्षांत एकदा, असं त्यांचं चाललं होतं. मी घटनेच्या नोंदीचा कागद घेतला, कारणाच्या रकान्यात काय होतं ते लिहिलं आणि सही केली. उद्याची घरं भरलेलीच होती, ती कुणीही चालवू शकलं असतं. तरी त्यांनी एक कॉम्प्युटरवाली बाई बोलावली. हुशार वाटली. मी तिला शिक्क्याची डबी दाखवली आणि घरी आले.

रविवारी सकाळी मी घरी होते. महोत्सवाच्या रविवारी घरी असण्याची सवय नाही. मला इतका वेळ कुठून आला ते कळेना. पुठ्ठा मी रात्रीच गुंडाळून कपाटामागे ठेवला होता. टेबल रिकामं होतं, तर पहिल्यांदा बसून चहा प्यायले. सहा खुर्च्यांतल्या कुठल्या खुर्चीवर बसायचं हे ठरवायलाच मला जरा वेळ लागला. बाहेर शेजाऱ्यांची गाडी निघाली, परत आली. मी दोनदा उठून पंखा बंद केला आणि दोनदा लावला.

त्याच्या मुलींचा सामना नऊ चाळीसला होता. सव्वादहाला संपेल, मग पाणी, मग पाय मोकळे करणं, साडेदहाला तो रिकामा असेल, असा हिशेब मी केला आणि बरोबर साडेदहाला फोन लावला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. ठरवायला बसले असते तर पुन्हा काहीतरी चिठ्ठ्या टोचत बसले असते.

दुसऱ्याच रिंगला त्याने उचलला. मागे प्रचंड आरडाओरडा.

"सामना चालू आहे," तो म्हणाला.

म्हणजे मैदानं अर्धा तास मागे पडली होती. माझ्या काळात पडली नसती. ते मी बोलले नाही. "मग उचललास कशाला?"

"तुझं नाव दिसलं." मग तो तिकडे वळून ओरडला, मागे या, मागे या, डावीकडे बघा. पुन्हा मला म्हणाला, "काय काम होतं?"

"काही काम नाही."

मला वाटलं आता नंतर करतो म्हणेल. पण तो म्हणाला, "बरं. थांब मग," आणि त्याने फोन बंद न करता खिशात टाकला.

मी त्याच्या संघाचा सामना कधी पाहिला नव्हता. नऊ वर्षं खिडकीत बसून निकाल तेवढे घेतले. आता तो कापडाच्या घासण्यातून ऐकत होते. त्याचं ओरडणं, मग टाळ्या, मग त्याचंच हळू आवाजात कुणाला तरी शाबास म्हणणं. आठ नंबर खेळत असावी, कारण तिला पाय जपून टाक म्हणून तो दोनदा म्हणाला. कोण पुढे आहे ते मला अजिबात कळत नव्हतं. चहा गार होऊन गेला.

शिट्टी वाजली. बऱ्याच वेळाने खिशातून फोन निघाला.

"आहेस?"

"आहे. जिंकलात?"

"नाही. बरोबरीत होतो, शेवटी गेला एक." त्याला धाप लागली होती. मग म्हणाला, "आमची बस दोनला आहे. तोपर्यंत काही नाही."

हे बोलावणं होतं की नुसती माहिती, ते मला कळेना. आयुष्यभर रिकाम्या वेळा भरल्या, पण कुणाची रिकामी वेळ माझ्यासाठी आहे का, हे कसं ओळखतात ते मला माहीत नाही. म्हणून मी विचारलं. साधं, तोंडाने विचारलं.

"मी येऊ का?"

तो लगेच हो म्हणाला नाही. मी टेबलाची कड धरून उभी होते.

"माझं काही नाही," तो म्हणाला. "पण मुलींना विचारतो आधी. थांब."

"विचार," मी म्हटलं.

त्याने फोनवर हात ठेवला असावा, आवाज दबला. तो त्यांना काहीतरी सांगत होता, शब्द कळत नव्हते. मग तोही थांबला. मी फोन कानाला घट्ट लावून धरला आणि त्या काय म्हणतात त्याची वाट बघत राहिले.